मेंदूला बसलेला मुका मार

कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी वावरातून परतताना रानडुक्कर आडवं आलं आणि पस्तिशीतला एक शेतकरी मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला होता. मिनिटभर शुद्ध नव्हती. मग उठून बसला आणि "मी कुठं आहो?" असं तीनदा विचारलं. घरच्यांनी गाडी करून रातोरात जिल्ह्याच्या गावी नेलं. सीटी स्कॅन झाला. "नॉर्मल आहे, घेऊन जा" हे ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी तो आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. "डोस्कं जड राह्यते जी. वाकलो का गरगरते. रातच्यानं झोप नाई. अन् घरचे म्हणतात, फोटोत तं काईच नाई निंघालं." सोबत आलेली बायको खालच्या आवाजात म्हणाली, "पयले असे नव्हते. आता पोरावर धावूनच जातात." गावात एव्हाना 'कामाचा कंटाळा करतो' अशी कुजबुज सुरू झाली होती.

तो खोटं बोलत नव्हता आणि स्कॅनही खोटा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे त्याला कुणी पहिल्या आठवड्यातच सांगितलं असतं, तर त्याचे पुढचे दोन आठवडे वाया गेले नसते. कित्येक वर्षं मीही स्कॅन नॉर्मल पाहिला की गोळ्या लिहून पेशंटला घरी पाठवत होतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दंडाला मुका मार बसला की जखम दिसत नाही, रक्त येत नाही, तरी आतून ठणकत राहतं आणि हात उचलत नाही. हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मेंदूलाही असाच मुका मार बसतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. मेंदू म्हणजे साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मऊ गोळा. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं आपटलं किंवा मानेला जोराचा हिसका बसला, तर तो आतल्या आत हेलकावतो, पिळवटतो. डोक्याला टेंगूळ आलंच पाहिजे असं नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही. खेळताना होणाऱ्या कन्कशनमध्ये तर दहातल्या नऊ जणांची शुद्ध जात नाही. बैलानं ढुसणी दिली, कापसाच्या बंडीवरून पडला, कबड्डीत डोक्यावर डोकं आदळलं, चिंचेच्या झाडावरून पाय निसटला, शंकरपटात छकड्यावरून फेकला गेला, अशा कुठल्याही प्रसंगी हे होऊ शकतं.

आत नेमकं काय बिघडतं? मेंदूच्या प्रत्येक पेशीला भिंत असते आणि तिला दारं असतात. हिसक्यानं ही दारं एकदम उघडतात. आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. सगळं पुन्हा जागेवर नेण्यासाठी पेशीतले पंप जोरात चालू होतात आणि त्यांना साखर, म्हणजे ग्लुकोज, भरपूर लागतं. नेमका त्याच काळात मेंदूकडे येणारा रक्ताचा पुरवठा थोडा कमी झालेला असतो. रब्बीत ओलीत करणाऱ्याला हे लगेच समजेल: पाट फुटला आहे, मोटार जोरात चालवायची गरज आहे, आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज नाही. तार तुटलेली नाही, मोटार जळलेली नाही, म्हणून फोटोत काही दिसत नाही. सीटी स्कॅनला रक्तस्राव आणि मोडलेलं हाड दिसतं, व्होल्टेज दिसत नाही.

हे व्होल्टेज हळूहळू परत येतं. मोठ्या माणसांत बहुतेकांचा त्रास दोन आठवड्यांत ओसरतो, मुलांना चार आठवडेही लागतात. थोड्या लोकांचा मात्र महिनोन् महिने रेंगाळतो. आपण त्या थोड्यांत जाणार की नाही, हे पहिल्या आठ-दहा दिवसांत काय केलं आणि काय टाळलं, यावर बऱ्यापैकी अवलंबून असतं. आणि यातलं जवळजवळ सगळं गावच्या दवाखान्यात होऊ शकतं.

आधी जिवावरचा धोका पाहायचा

मुका मार म्हणण्याआधी तो खरंच मुका आहे ना, याची खात्री हवी. डोकेदुखी तासागणिक वाढतेय, दोन किंवा जास्त वेळा ओकारी झाली, फिट आली, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटतोय, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, नाकातून-कानातून पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं काही गळतंय, डोळ्यांभोवती किंवा कानामागं काळंनिळं पडलंय, माणूस बरळतोय किंवा उठवूनही नीट जागा होत नाही, यातलं एक जरी असलं तरी वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

लक्षणं एवढी उघड नसतील तेव्हा निर्णय अवघड होतो. भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. प्रत्येकाला स्कॅनला पाठवणं तिथल्या डॉक्टरला शक्य नाही आणि गरजेचंही नाही. २००१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी तीन हजारांहून जास्त पेशंट तपासून यासाठी एक नियम बसवला. क्षणभर शुद्ध गेली, गोंधळला किंवा मधलं आठवत नाही अशा मोठ्या माणसासाठी तो आहे. इजा होऊन दोन तास झाले तरी पूर्ण भानावर नाही, कवटी फुटल्याची खूण आहे, दोन किंवा अधिक ओकाऱ्या झाल्या, वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे, तर स्कॅन हवाच. इजेआधीचा अर्धा तास किंवा त्याहून जास्त काळ आठवत नसेल, पायी चालताना गाडीनं उडवलं असेल, गाडीतून बाहेर फेकला गेला असेल, किंवा तीन फुटांपेक्षा उंचावरून पडला असेल, तरीही स्कॅनचा विचार करायचा. कुटाराच्या गंजीवरून पडलेला माणूस या शेवटच्या वर्गात सहज बसतो. लहान मुलांचे नियम वेगळे आहेत. दोन वर्षांखालच्या बाळाला डोक्याला मार लागला तर ते डॉक्टरांनी पाहिलंच पाहिजे.

दोन माणसांकडे आपलं नेहमी दुर्लक्ष होतं. एक, पिऊन पडलेला. त्याची गुंगी दारूची की रक्तस्रावाची, हे नुसतं पाहून कुणालाच सांगता येत नाही. 'उतरली की उठेल' म्हणून ओट्यावर निजवलेला माणूस सकाळी उठलाच नाही, अशा हकिकती आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दुसरी, घरातली म्हातारी माणसं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे कवटीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या ताणलेल्या असतात. पडल्यावर त्यातून थेंब थेंब रक्त साचत राहतं आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, आजी एकदम विसरायला लागते, पाय ओढते, झोपाळलेली राहते. घरचे म्हणतात वय झालं. अशा वेळी 'गेल्या दोन महिन्यांत पडल्या होत्या का?' हा एक प्रश्न जीव वाचवतो, कारण हे रक्त शस्त्रक्रियेनं काढता येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

पहिले दोन दिवस

झोपू द्यायचं की नाही? गावात पहिला प्रश्न हाच असतो. डोक्याला मार लागलेल्याला रात्रभर हलवून जागं ठेवणारी माणसं प्रेमापोटीच तसं करतात, पण झोप हे थकलेल्या मेंदूचं औषध आहे. तपासणी झाली आहे, वर सांगितलेलं एकही लक्षण नाही, तर निवांत झोपू द्या. दवाखाना लांब असेल किंवा मनात शंका असेल, तर रात्रीतून एक-दोनदा हाक मारून उठवा, नाव-गाव विचारा, नीट उत्तर दिलं की पुन्हा झोपू द्या. पहिली रात्र त्याला एकट्यानं वावरातल्या खोपडीत काढू देऊ नका.

पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास आराम, पण खाटेला खिळून राहायचं नाही. उठावं, जेवावं, अंगणात फिरावं, घरच्यांशी बोलावं. मोबाइल मात्र दूर. हे मी सवयीचा उपदेश म्हणून सांगत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात, पहिले दोन दिवस स्क्रीन बंद ठेवणाऱ्यांचा त्रास सरासरी साडेतीन दिवसांत गेला. ज्यांना मोकळीक दिली त्यांना आठ दिवस लागले. दोन दिवस रील्स न बघणं यापेक्षा स्वस्त इलाज मला माहीत नाही.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. लिव्हरचा आजार असलेल्यांनी आणि रोज पिणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन पहिले दोन दिवस टाळलेलं बरं, कारण आत कुठं बारीक रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. दारू पूर्ण बंद. खर्राही सोडता आला तर उत्तम, त्यातल्या तंबाखूनं झोप आणखी उडते. उन्हाळ्यात पाणी आणि ताक पोटात जात राहू द्या. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पंचेचाळीस अंशांत शरीर सुकलं, की चक्कर मेंदूची कोणती आणि उन्हाची कोणती, हेच कळेनासं होतं.

अंधाऱ्या खोलीचा सल्ला आता मागे पडला

दोन दिवस झाल्यावर काय? इथं आमच्या डॉक्टरी पेशानंच बराच काळ चुकीचं सांगितलं. 'पूर्ण बरं वाटेपर्यंत हलायचं नाही, अंधारात पडून राहायचं' हा सल्ला तर्काला पटणारा होता. पण २०१५ मध्ये अमेरिकेत तो तपासून पाहिला गेला. ११ ते २२ वयाच्या पेशंटपैकी काहींना पाच दिवस सक्त आराम दिला, काहींना एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू कामाला लावलं. सक्त आरामवाल्यांच्या तक्रारी जास्त निघाल्या, कमी नाही. पुढं २०१९ मध्ये बफेलो शहरातल्या गटानं किशोरवयीन खेळाडूंना पहिल्या दहा दिवसांतच रोज वीस मिनिटं बेताचा व्यायाम दिला. ते १३ दिवसांत सावरले. नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरातले तज्ज्ञ जमले, त्यांनीही हेच मान्य केलं: दोन दिवस सौम्य आराम, मग हलकी हालचाल.

म्हणजे तिसऱ्या दिवसापासून सकाळी ऊन तापायच्या आत वीस मिनिटं चालणं. मंदिरापर्यंत जाऊन परत या, त्रास नाही झाला तर उद्या नाल्यापर्यंत. किती सोसायचं याचं माप आपल्याकडे जुनं आहे. 'आराम किती?' विचारलं की म्हातारी माणसं अजून 'रुपयात आठ आणे', म्हणजे सोळातले आठ, असं सांगतात. त्याच हिशेबानं चालण्याआधी त्रास किती आणे होता ते ठरवा. चालल्यानं तो दोन-तीन आण्यांनी वाढला आणि तासाभरात पुन्हा खाली आला, तर घाबरायचं नाही, तेवढं चालेल. त्याहून जास्त वाढला किंवा उतरलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी. पण बंद करायचं नाही.

पुन्हा डीपीकडे येतो. व्होल्टेज कमी असताना सगळ्यांनी एकदम मोटारी टाकल्या तर फ्यूज उडतो, हे गावाला माहीत आहे. म्हणून पाळीपाळीनं टाकायच्या. आधी चालणं, मग बसल्या कामाची पाळी, जसं भाजी निवडणं, हिशेब लिहिणं, ढोरांना चारा टाकणं. मग अर्धा दिवस निंदण. मग पूर्ण दिवस. ज्या कामात क्षणभराची चूक अंगावर येते ती सगळ्यात शेवटी: मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबा कुट्टी, थ्रेशर, विहिरीत उतरणं, झाडावर चढणं, फवारणी. मार लागलेल्या मेंदूची चपळाई कमी झालेली असते आणि ते ज्याचं त्याला जाणवत नाही, म्हणून इथं घरच्यांनी आग्रह धरावा.

मुलांना दोन-चार दिवसांत शाळेत पाठवावं, पण अर्धा दिवस. मास्तरांना चिठ्ठी द्यावी, की आठवडाभर फळ्यावरचं खूप लिहायला लावू नका, कलकलाटापासून थोडं दूर बसवा, परीक्षा पुढं ढकला. आधी शाळा पूर्ण, मग खेळ. कबड्डी-कुस्ती तर डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय नाहीच. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदू झपाट्यानं सुजू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा बहुधा कोवळ्या वयाच्या मुलांनाच गाठतं.

आठव्या दिवशी काय पाहायचं

माझ्या मते सगळ्या इलाजाचा गाभा या एका भेटीत आहे, आणि आपल्याकडे नेमकी हीच भेट होत नाही. पेशंटला 'बरं नाही' एवढंच सांगता येतं. डॉक्टरचं काम त्या 'बरं नाही'चे तुकडे वेगळे करण्याचं आहे, कारण प्रत्येक तुकड्याचा इलाज वेगळा आणि बरेचसे इलाज फुकटचे आहेत.

डोकेदुखी मागून, मानेपासून वर चढत येते का? मान वळवली की वाढते का? मग दुखणं निम्मं मानेचं आहे. मेंदूला हिसका बसतो तेव्हा मानेलाही बसलेलाच असतो. हाड मोडलेलं नाही याची खात्री झाली की शेक, हलके व्यायाम, आणि काही दिवस डोक्यावर ओझं बंद, एवढ्यानं बराच फरक पडतो. कपाळ ठणकतं, उजेड-आवाज सहन होत नाही, मळमळतं, असं असेल तर तो अर्धशिशीच्या जातीचा त्रास आहे आणि त्याची औषधं निराळी. आणि तिसरा प्रकार आम्हीच तयार करतो: गोळ्यांची डोकेदुखी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं महिनोन् महिने चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. किराणा दुकानातून पाकीट आणून रोज सकाळी चहासोबत एक घेणारा माणूस याच फेऱ्यात अडकलेला असतो. त्याला सुटायला नवी गोळी लागत नाही, ती गोळी थांबवावी लागते.

चक्कर हा मला सगळ्यात समाधान देणारा भाग आहे. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, तोल सांभाळायला. डोकं आपटलं की ते जागेवरून निसटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत पडतात. मग कुशीवर वळलं, वाकलं, माळ्यावरचं काढायला वर पाहिलं, की घर गरगर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. आमच्या त्या शेतकऱ्याचं 'वाकलो का गरगरते' हेच होतं. त्याला टेबलावर बसवून, डोकं एका बाजूला वळवून झटकन मागं निजवलं, तर डोळे थरथरू लागले. निदान झालं. मग डोकं एका ठरलेल्या क्रमानं, प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबत, दुसऱ्या बाजूला वळवत आणलं आणि उठवून बसवलं. खडे आपल्या जागी घरंगळले. या पद्धतीला एप्ली म्हणतात. लागतात दहा मिनिटं आणि एक टेबल. मार लागलेल्यांत हे खडे पुन्हा सुटू शकतात, तेव्हा पुन्हा करायचं. मानेची इजा असेल तर मात्र ही पद्धत करायची नाही. तीन आठवडे तो चक्करेच्या गोळ्या खात होता. त्या गोळ्या खडे हलवत नाहीत, आणि जास्त दिवस घेतल्या तर तोल सावरायला शिकणाऱ्या मेंदूलाच मागे ओढतात.

झोपेचं आपल्याकडे एक खास संकट आहे. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की ओलीत रात्रीच करावं लागतं, आणि तुरी-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरं आणि रोह्यांपासून पीक राखायला जागलीला जावं लागतं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते, काही आठवत नाही. मग डॉक्टर याला 'मेंदूचा त्रास वाढला' म्हणतो. म्हणून आता मी विचारतो, रात्रीच्या पाळ्या कुणाच्या? दोन-तीन आठवडे भाऊ, साळा, शेजारी, कुणीतरी त्या पाळ्या उचलल्या तर त्या माणसाचा इलाज अर्धा झाला. झोपेची गोळी, विशेषतः अल्प्राझोलामच्या जातीची, इथं उपयोगाची नाही. ती विसरणं आणि धडपडणं वाढवते आणि लवकर सवय लावते.

मनाबद्दल सरळ विचारावं. डोक्याला मार लागल्यावर उदासी येणं ही कमजोरी नाही, इजेचाच भाग आहे, आणि अशा माणसात आत्महत्येचा धोकाही वाढलेला आढळतो. ज्या मुलखात घरोघरी फवारणीचं औषध ठेवलेलं असतं, तिथं हा प्रश्न न विचारणं मला परवडत नाही. 'जीव नकोसा वाटतो का?' असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. बहुतेकांना हायसं वाटतं. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि तिथं मराठीत बोलता येतं.

चिठ्ठीवरून काय काढून टाकावं

डोक्याला मार लागलेल्या माणसाची चिठ्ठी आपल्याकडे बहुतेक वेळा लांबलचक असते. त्यात 'मेंदूची ताकद' म्हणून सिटिकोलिन असतं. महाग औषध आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत १२१३ पेशंटवर ते नव्वद दिवस देऊन पाहिलं, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. दुसरं, सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन. २००४ मध्ये दहा हजार पेशंटचा जागतिक अभ्यास झाला. त्यात डोक्याला मार लागून भान हरपलेल्यांना स्टेरॉइड दिलं, तेव्हा दोन आठवड्यांतले मृत्यू १७.९ वरून २१.१ टक्क्यांवर गेले. ज्यांचा मार त्याहून किरकोळ आहे त्यांना हा धोका कशासाठी द्यायचा? फिट आलेलीच नसताना महिनाभर फिटच्या गोळ्या, ताकदीसाठी सलाईन, हेही गरजेचं नाही. मजुरी बुडालेल्या घरातून यासाठी दोन-तीन हजार रुपये जातात, आणि तेवढ्या पैशात आठवडाभर बरं खाणं झालं असतं.

बायांचा आराम

पुरुषाला 'दोन दिवस आराम' सांगितला तर घर तो देतं. बाईला सांगितला तर ती हसून मान डोलावते आणि संध्याकाळी सरपणाची मोळी डोक्यावर घेते. म्हणून तिला नुसतं 'आराम कर' म्हणून भागत नाही. सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला समोर बसवून कामांची नावं घ्यावी लागतात: आठ दिवस डोक्यावर पाण्याचा गुंड नाही, मोळी नाही, चुलीच्या धुरात दोन वेळा नाही, एकदा. बरोबर आलेलं माणूस तोंडावर हो म्हणतं, आणि पुष्कळदा पाळतंही.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते. 'पायरीवरून पडली' असं सांगणारी प्रत्येक बाई पायरीवरून पडलेली नसते. नवऱ्यानं डोकं भिंतीवर आपटलेल्या बाईलाही हाच मुका मार बसतो, पुन्हा पुन्हा बसतो, आणि तिचं विसरणं, रडणं, चक्कर येणं यालाच 'अंगात आलं' किंवा 'नाटक करते' म्हटलं जातं. नवऱ्याला बाहेर बसवून, दार लोटून, नर्सताईंनी शांतपणे विचारावं. १८१ या महिला हेल्पलाइनची माहिती कागदावर देऊ नये, तो कागद घरी सापडतो. तोंडपाठ करून द्यावी.

आशाताईचे सहा प्रश्न

हे सगळं कोण करणार, असं मला सहकारी विचारतात. मला गडचिरोली आठवते. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जे काम डॉक्टरांशिवाय होणार नाही असं सगळे मानत होते, ते गावातल्या बाईनं केलं. त्यापुढं हे काम फार सोपं आहे.

२००२ मध्ये मेलबर्नला एक साधा प्रयोग झाला. डोक्याला किरकोळ मार लागलेल्या काहींना पहिल्या आठवड्यातच एक पुस्तिका दिली: काय त्रास होऊ शकतो, तो का होतो, कसा हाताळायचा. तीन महिन्यांनी पाहिलं, तर पुस्तिका मिळालेल्यांच्या तक्रारी कमी होत्या आणि मनावरचा ताणही कमी होता. औषध काहीच नव्हतं, फक्त वेळेवर सांगितलं होतं. आपल्याला काय होतंय आणि ते जाणार आहे, हे कळलं की माणूस प्रत्येक ठणक्याला घाबरायचं सोडतो.

आमच्या केंद्रात आता एक वेगळी वही आहे. डोक्याला मार लागलेला माणूस आमच्याकडून गेला किंवा शहरातून स्कॅन करून परतला, की नाव वहीत येतं. तिसऱ्या आणि आठव्या दिवशी आशाताई घरी जातात किंवा फोन करतात आणि सहा गोष्टी विचारतात: डोकं कसं आहे, चक्कर कशानं येते, झोप किती, विसरायला होतं का, चिडचिड-उदासी आहे का, आणि रोज किती गोळ्या खाता. उत्तरं आण्यांत लिहितात. आठव्या दिवशी त्रास आठ आण्यांहून जास्त असला, किंवा तिसऱ्या दिवसापेक्षा वाढला, तर तो माणूस त्याच आठवड्यात माझ्यासमोर. महिना उलटूनही काम जमत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात, सोबत आतापर्यंत काय काय केलं याची चिठ्ठी देऊन, म्हणजे तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

त्या शेतकऱ्याला मी पहिल्या भेटीत अर्धा तास दिला. खडे बसवले, दोन गोळ्या बंद केल्या, चालायला लावलं, आणि त्याच्या बायकोला मेंदूचा मुका मार म्हणजे काय ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मंग तुमी सांगत होते ते खरंच होतं." दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा गाडी पुतण्या चालवत होता. चक्कर गेली होती. डोकेदुखी चार आण्यांवर होती. रात्रीचं ओलीत अजून भावाकडेच होतं, आणि हरभऱ्याचं दुसरं पाणी होईपर्यंत ते तसंच ठेवा, असं मी सांगितलं.